राहत्या बोटीवर पवनचक्की: परवानगीत गेलेला हिवाळा

बोटीवर छोटी पवनचक्की बसवणे हे दोन माणसांचे शनिवार-रविवारचे काम आहे. ती बसवण्याची परवानगी मिळवण्यात मात्र आमचा जवळजवळ अख्खा हिवाळा गेला. परवानगी हाती येऊन बराच काळ लोटला असला तरी बोट बांधायला धक्क्याची जागा देणाऱ्या त्या कार्यालयाच्या पत्रांची फाईल समोर आली की आजही मनस्ताप होतो. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे. इंग्लंडमध्ये बोटीवर राहणारी मराठी माणसे थोडी असतील, पण जी आहेत किंवा तसा विचार करत आहेत, त्यांना यातील कागदपत्रांचा भाग तरी नक्कीच उपयोगी पडेल.

मी आणि माझी पत्नी चौतीस फुटी शिडाच्या बोटीवर वर्षभर राहतो. सफोक परगण्यात इप्सविचपासून हार्विचकडे वाहत जाणाऱ्या ऑर्वेल नदीत, पात्राच्या मधोमध असलेल्या एका तरंगत्या धक्क्याला आमची बोट बांधलेली असते. काठावरच्या बंदरात जागा घेतली तर विजेचा प्लग मिळतो, पण तिथले भाडे आम्हाला परवडणारे नाही. नदीमधल्या या धक्क्यावर वीज नाही आणि नळही नाही. काठावर जायचे तर छोट्या होडीने वल्हवत जावे लागते. उन्हाळ्यात छतावरचे सौर पॅनेल आमची सगळी गरज भागवते. अडचण येते ती नोव्हेंबरपासून. बावन्न अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंश वर येतो आणि दिवस आठ तासांचाही नसतो. तेव्हा आमचे 200 वॅटचे पॅनेल दिवसभरात शंभर वॅट-तासांच्या आसपास वीज देते, तीही आभाळ फार दाटलेले नसेल तर. फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, दोन लॅपटॉप आणि डिझेल हीटरचा पंखा मिळून आमची गरज मात्र हजार वॅट-तासांच्या घरात जाते. उरलेली वीज इंजिन चालवून मिळवायची म्हणजे रोज डिझेल जाळायचे आणि शेजाऱ्यांना त्याची धडधड ऐकवायची. हिवाळ्यात या नदीवर सूर्य नसतो, पण वारा भरपूर असतो; त्यामुळे पवनचक्कीचा निर्णय आम्ही फारसा विचार न करता घेतला आणि तो योग्यच होता.

निवडीबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्या चक्कीच्या पात्यांचा व्यास सुमारे 90 सेंटिमीटर आहे. दहा नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) वाऱ्यात ती जेमतेम सव्वा अँपिअर देते आणि वीस नॉटमध्ये दहा अँपिअर, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. हा एकच नियम नीट लक्षात ठेवला तर जाहिरातीतील मोठ्या आकड्यांनी कुणी भुलणार नाही. ते आकडे बहुधा वादळी वाऱ्याचे असतात. आपण पाहायचा तो दहा ते पंधरा नॉटमधील आकडा. साताऱ्याजवळ वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दरीत न उभारता उघड्या पठारावर का उभारल्या, त्याचे उत्तरही याच नियमात आहे. काठावरच्या झाडांच्या आडोशाला बोट बांधायची असेल तर चक्की घेऊ नये. तिथे वारा कमी मिळतो आणि जो मिळतो तो इतका भोवऱ्यांचा असतो की चक्की दिशा शोधत नुसती गरगरत राहते.

आता त्या कार्यालयाविषयी. धक्क्याच्या करारनाम्यात एक कलम आहे की बोटीवर कोणतेही 'उभे बांधकाम' करण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. आम्ही ऑक्टोबरमध्येच अर्ज मागितला. जो नमुना हाती आला तो उघडच जमिनीवरच्या बांधकामासाठी तयार केलेला होता. त्यात पायाचे स्वरूप, जमिनीपासूनची उंची, हद्दीपासूनचे अंतर, सर्वांत जवळच्या घरापासूनचे अंतर आणि सार्वजनिक वीजजाळ्याशी जोडणीचा क्रमांक असे रकाने होते. आमची चक्की फक्त बोटीवरच्या बॅटऱ्या भरते, तिचा वीजजाळ्याशी काही संबंध नाही, आणि बोट स्वतःच उधाणाच्या दिवसांत साडेतीन मीटरांच्या आसपास वर-खाली होते. तेव्हा या रकान्यांत मी 'लागू नाही' असे लिहिले आणि सोबतच्या पत्रात कारणे दिली. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. सोबत 'रकाने अपूर्ण' एवढीच ओळ होती; पत्र कुणी वाचल्याची काही खूण नव्हती.

दुसऱ्या वेळी मी प्रत्येक रकाना भरला. चक्कीचा मध्य डेकपासून 2.9 मीटर आणि पाण्यापासून 4.1 मीटर उंच असेल. नदीच्या तळापासून ओहोटीला किती आणि भरतीला किती, हे दोन्ही आकडे तक्त्यातून काढून लिहिले. पायाच्या रकान्यात खांबाच्या बैठकीची आणि दोन आधारदांड्यांची मोजमापांसह आकृती चिकटवली. 'अन्यत्र असा वापर झाला आहे काय' या रकान्यात शेजारच्या नद्यांवरील बोटींची छायाचित्रे जोडली आणि त्याखाली लिहिले की नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या 'फ्राम' जहाजाने 1893 ते 1896 या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत पवनचक्कीच्या विजेवर दिवे लावले होते. ते मी अगदी गांभीर्याने लिहिले होते. जी गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ जहाजांवर चालत आली आहे, ती कुणाची लहर समजली जाऊ नये, एवढेच मला सांगायचे होते.

यानंतर अर्ज स्वीकारला गेला आणि खरी कोंडी सुरू झाली. कार्यालयाने दोन कागद मागितले. पहिला विमा कंपनीचा: चक्कीमुळे दुसऱ्याच्या बोटीचे किंवा जीविताचे नुकसान झाल्यास ते पॉलिसीत अंतर्भूत आहे, असे पत्र. विमा कंपनीला कळवले, तर तिचे उत्तर असे की धक्क्याच्या चालकांची लेखी संमती दाखवल्याशिवाय पॉलिसीत चक्कीची नोंद करता येणार नाही. म्हणजे दोघेही एकमेकांच्या कागदाची वाट पाहत होते आणि मध्ये आम्ही. दूरध्वनी केला की प्रत्येक वेळी नवी व्यक्ती भेटे आणि आम्ही सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगत असू.

दुसरा कागद होता आवाजाचा. चक्की चालू असताना शेजारच्या बोटीवर आवाज किती डेसिबल होतो, याचे 'प्रत्यक्ष जागेवरील' मोजमाप त्यांना हवे होते, आणि तेही चक्की बसवण्यापूर्वी. निर्मात्याचे आकडे मी दिले होते, पण ते चाचणीच्या मैदानावरचे असल्यामुळे चालणार नाहीत असे सांगण्यात आले. जी चक्की उभीच राहिलेली नाही, तिचा आवाज तिच्या जागेवर कसा मोजायचा, हे मी तीन पत्रांत विचारले. एकाही पत्राला त्या मुद्द्यावर उत्तर आले नाही. या काळात नैऋत्येचे उत्तम वारे नदीवरून वाहून गेले, जानेवारीत पूर्वेकडून येणारे बोचरे वारेही आले, चक्की खोक्यात पडून राहिली आणि आम्ही रोज सकाळी इंजिन चालवून बॅटऱ्या भरत राहिलो. ज्या संमतीचा उद्देश शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये हा होता, तिच्या विलंबापायी शेजारी रोज आमचे डिझेल इंजिन ऐकत होते. या गोष्टीचा मला सर्वाधिक राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

आवाजाची भीती निराधार नाही, हेही लिहायला हवे. आमच्या आकाराची पाती मिनिटाला हजार फेरे घेत असतील तर त्यांच्या टोकांचा वेग ताशी 170 किलोमीटरपर्यंत जातो, आणि स्वस्त, जाडसर कडांची पाती त्या वेगाला अक्षरशः किंचाळतात. शिवाय खांबातून उतरणारी घरघर बोटीच्या पोकळ अंगात घुमते. झोपण्याची जागा मागच्या बाजूला असेल तर ती रात्रभर ऐकू येते. यावर उपाय आहे: खांबाच्या बैठकीखाली आणि आधारदांड्यांच्या टोकांना जाड रबराचे तुकडे द्यावेत. आम्ही ते दिले. त्याच वेळी स्टेनलेस स्टीलचा खांब आणि चक्कीचे ॲल्युमिनियमचे अंग यांच्यामध्ये नायलॉनचे अस्तर घातले, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम गंजून चक्की खांबाला कायमची चिकटते.

कोंडी फुटली ती कार्यालयात नव्हे, धक्क्यावर. बोटी बांधून घेण्याची व्यवस्था पाहणारे एक वयस्क गृहस्थ रोज लाँचमधून फेरी मारत. माझी पत्नी एकदा त्यांना चहाला बोलावून म्हणाली, "साहेब, कागदावरचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही; तुम्ही एकदा कानांनी ऐका." त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर एका सकाळपुरती चाचणीची मुभा दिली. वारा पंधरा नॉटच्या पुढे जाईल असा दिवस आम्ही हवामानाच्या अंदाजावरून निवडला, चक्की खांबावर चढवली आणि दोन्ही शेजाऱ्यांना त्यांच्याच बोटींवर बसवून आलटून-पालटून चालू-बंद करून दाखवली. फोनवरच्या मापकात फरक दोन-तीन डेसिबलांचाच आला. डोलकाठीवर आपटणाऱ्या दोरांचा आवाज त्याहून मोठा होता. त्या गृहस्थांनी तिथेच एका कागदावर निरीक्षण लिहिले, दोन्ही शेजाऱ्यांनी सह्या केल्या. विम्याचीही गाठ त्यांनीच सुचवलेल्या मार्गाने सुटली. 'धक्क्याच्या चालकांनी संमती दिल्यास त्या तारखेपासून चक्की पॉलिसीत अंतर्भूत राहील' असे सशर्त पत्र विमा कंपनीकडून मागा, असे ते म्हणाले, आणि ते पत्र चार दिवसांत आले. हा पर्याय कार्यालयातील कुणीही आम्हाला सांगितला नव्हता. फेब्रुवारीच्या अखेरीस संमती मिळाली. शेजारी बोटीवर असताना त्यांनी सांगितल्यास रात्री चक्की थांबवावी, ही त्यातील अट आम्हाला पूर्ण मान्य आहे.

म्हणून माझा आग्रह असा की अर्ज देतानाच चार गोष्टी सोबत जोडाव्यात: विमा कंपनीचे सशर्त पत्र, खांबाची मोजमापांसह आकृती, चक्की हाताने थांबवण्याच्या सोयीचे वर्णन आणि शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र. आकृतीत पात्याचे सर्वांत खालचे टोक डेकपासून किती उंच आहे, हे ठळक दाखवावे. आमच्याकडे ते जवळजवळ अडीच मीटर आहे, म्हणजे डेकवर उभ्या उंच माणसाने हात वर केला तरी तो पात्याला लागत नाही. शेजाऱ्यांना अर्जाआधी भेटणे हे सर्वांत महत्त्वाचे.

थांबवण्याच्या सोयीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण सौर पॅनेलची सवय असलेल्यांना ही गोष्ट नवी असते. पॅनेलची तार काढून टाकली तर काही बिघडत नाही. चक्कीची तार चालत्या वाऱ्यात सोडवली तर तिच्यावरचा भार एकदम जातो, पाती बेफाम वेग घेतात आणि व्होल्टेज इतके चढते की पुढची उपकरणे जळू शकतात. त्यामुळे तिच्या स्विचने तार तुटत नाही, उलट चक्कीच्या तारा एकमेकींना जोडल्या जातात आणि ही जोडणीच तिला ब्रेकसारखी रोखते. हा स्विच शक्यतो वारा मंद असताना फिरवावा. बॅटऱ्या पूर्ण भरल्यावर जादा वीज जिरवणारा रोधकही हवाच. तो खूप तापतो, तेव्हा लाकडापासून दूर, हवेशीर जागी बसवावा. लिथियमच्या बॅटऱ्या असतील तर दुप्पट काळजी घ्यावी, कारण त्यांची संरक्षक यंत्रणा स्वतःच अचानक जोडणी तोडू शकते.

तारेच्या जाडीत काटकसर करू नये. आमच्याकडे खांबापासून बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन सोळा मीटर तार लागली. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली असती तर दहा अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच गेला असता. सोळाची घेतल्याने तो तोटा दोन दशांश व्होल्टच्याही आत राहिला. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ बसवावा.

पुढच्या हिवाळ्यात सलग वारा असलेल्या आठवड्यांत आम्ही इंजिनाला हात लावला नाही, याचा मला अभिमान वाटतो. धुक्याचे, निवांत दिवस आले की मात्र चक्की आणि पॅनेल दोन्ही स्वस्थ बसतात, तेव्हा इंजिन काढून टाकण्याचा विचार कुणी करू नये. आणि एक राहिलेच: पहिले मोठे वादळ होऊन गेले की दुसऱ्याच दिवशी, चक्की थांबवून आणि पाती दोरीने बांधून, खांबाचे व पात्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. आमचे दोन ढिले झाले होते.