गव्हर्नर खाली घेतला तो दिवस

गव्हर्नरच्या ब्राँझ अर्धपुतळ्याचं वजन आमच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट निघालं. हे कळलं सकाळी साडेसातला, चेन ब्लॉकची, म्हणजे हाताने ओढायच्या उचलयंत्राची, साखळी ताणल्यावर. हुकाला अडकवलेल्या काट्यावर आकडा आला ११८ किलो, आणि पुतळा अजून चौथऱ्यावरून सुताभरही सुटलेला नव्हता.

आमचा हिशेब असा होता. पोकळ ब्राँझच्या ओतकामाची भिंत साधारण ४ ते ६ मिलिमीटर असते. अर्धपुतळ्याचं बाहेरचं क्षेत्रफळ कागद चिकटवून मोजलं, ते भरलं १.४ चौरस मीटर. सरासरी ५ मिलिमीटर जाडी धरली तर धातू झाला ७ लिटर. ब्राँझ लिटरला ८.८ किलो, म्हणजे ६२ किलोच्या आसपास. गणित बरोबर, गृहीतक चूक. पोकळ ओतलेली वस्तू बसवल्यानंतरही पोकळच राहते, असं आम्ही धरून चाललो होतो. बसवणाऱ्या गवंड्याने पुतळा चौथऱ्याला धरणाऱ्या सळ्या पक्क्या बसाव्यात म्हणून छातीच्या पोकळीत सिमेंट, रेती आणि विटांचे तुकडे ठासून भरले होते. बोटाच्या पेराने ठोकलं तर डोकं घंटेसारखं वाजत होतं आणि छाती मुकी होती. आदल्या दिवशी आम्ही फक्त डोकं ठोकून पाहिलं. खांदे, पाठ, छाती, तळ सगळीकडे ठोकून आवाजाचा नकाशा काढायला दहा मिनिटं लागतात. ती आम्ही वाचवली.

बाग गोव्यातल्या एका छोट्या पालिकेची. पुतळा पोर्तुगीज अमदानीतल्या एका गव्हर्नरचा, आणि त्याच्यावरून गावात दोन तट आहेत, म्हणून गाव आणि नाव दोन्ही इथे देत नाही. एका बाजूचं म्हणणं, १९ डिसेंबर १९६१ ला राज्य गेलं, त्याची माणसं चौथऱ्यावर कशाला? दुसऱ्या बाजूचं, बागेला शोभा आहे, राहू द्या. शेवटी ठराव झाला की पुतळा उतरवून पालिकेच्या कोठारात ठेवावा आणि त्याच्या स्थितीचा अहवाल घ्यावा. आमच्याकडे आलं ते एवढंच. उतरवावा की ठेवावा, हे आमच्या कामात बसत नाही.

ठरावाची प्रत हातात आल्याशिवाय पाना लावायचा नाही, हे मात्र आमच्या कामात बसतं. मालमत्ता नोंदवहीत पुतळा आहे का, कोणत्या वर्णनाने आहे, तेही आधी पाहायचं. वहीत तो १९५० च्या दशकातला म्हणून नोंदलेला होता. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुतळ्याला किमान १०० वर्षं व्हावी लागतात, त्यामुळे पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीचा प्रश्न आला नाही. कुणीतरी रिकाम्या जागी, नाहीतर नाक्यावर तरी, नवा पुतळा बसवा म्हणत होतं. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि त्यांच्या कडांवर नवे पुतळे बसवायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. नाक्याची चर्चा तिथेच थांबली.

उतरवण्याच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्ही चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाटीवर बॅटरी धरली. समोरून नाही. पाटीला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशात, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जातो आणि केसाएवढा खड्डाही सावली टाकतो. दिवसा ही पाटी कोरी दिसते, कारण अक्षरांत सिमेंट भरून वरून घासलेलं आहे. सिमेंट सुकताना आकसतं, अक्षराच्या कडेला बारीक भेग राहते, आणि तिरप्या उजेडात ती भेगच वाचता येते. सात ओळींपैकी पाच लागल्या. उरलेल्या दोन सिमेंटने बुजवलेल्या नव्हत्या, छिन्नीने तासलेल्या होत्या. त्या गेल्या. लागलेल्या ओळींत ‘प्रोव्हिन्सिया उल्ट्रामारिना’ हे शब्द होते, म्हणजे सागरपार प्रांत. १९५१ च्या घटनादुरुस्तीत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने ‘वसाहत’ हा शब्द काढून तो लावला, कारण वसाहती सोडा असा जगाचा दबाव वाढत होता आणि प्रांत सोडायला कुणी सांगत नाही. हा शब्द त्याआधीच्या शतकातही चालत होता, तेव्हा एवढ्यावरून साल ठरवता येत नाही. पण वहीतल्या नोंदीशी तो जुळतो.

बुजवलेल्या पाच ओळी आणि तासलेल्या दोन, हे दोन वेगळ्या हातांचं काम आहे. एकाने झाकलं, एकाने मोडलं. दोन्ही तसंच ठेवायचं, असं आम्ही अहवालात लिहिलं. सिमेंट खरवडून अक्षरं ‘स्वच्छ’ करणं सोपं आहे, अर्ध्या दिवसाचं काम. पण ते केलं की १९६१ नंतर या पाटीचं काय झालं त्याचा पुरावाच पुसला जातो.

पुतळ्याच्या अंगावरही असेच थर होते. डाव्या गालावर आणि छातीच्या पदकांवर रंगाच्या पापुद्र्याखाली काळं काहीतरी दिसत होतं. पाच बाय पाच सेंटिमीटरची चाचणी-खिडकी आखली आणि शस्त्रक्रियेच्या पात्याने भिंगाखाली एकेक थर सोलला. वर सोनेरी, त्याखाली क्रीम, त्याखाली अॅल्युमिनियमचा चंदेरी, आणि चंदेरीच्या खाली, थेट ब्राँझवर, डांबर. क्रम महत्त्वाचा. डांबर रंगावर असतं तर रंगवलेल्या पुतळ्याला फासलं असतं. ते धातूवर आहे, म्हणजे आधी डांबर पडलं आणि ते झाकायला पहिला चंदेरी हात मारला. पुढचे रंग त्या रंगाची पोपडी झाकायला. गंमत अशी की डांबर दोन्ही तटांना नको होतं. एकाला ते विटंबना वाटत होतं, दुसऱ्याला जुनी भांडणं उकरल्यासारखं. आम्ही गालावरचा आणि दोन पदकांवरचा पट्टा तिन्ही रंगांसकट राखला आणि बाकीचा रंग जेलने काढला. जेल साधा, कॉस्टिक सोड्याचा नव्हे. सोडा ब्राँझच्या सांध्यांत शिरतो आणि धुऊन निघत नाही.

आता पुन्हा सकाळकडे. पुतळा तीन लोखंडी सळ्यांवर होता. मुळात १६ मिलिमीटरच्या, गंजून २२ पर्यंत फुगलेल्या. ब्राँझला लोखंड टेकलं आणि मध्ये ओल राहिली की त्यांची बॅटरी होते आणि खर्च लोखंडाचा होतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. चौथरा जांभ्या चिऱ्याचा, वर चुन्याचा गिलावा, आणि त्यावर नंतर कधीतरी सिमेंटचा. चिरा पाणी पितो, चुना त्याला बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही. त्यामुळे सळ्या दरवर्षी जूनपासून चार महिने पाण्यात उभ्या. चौथऱ्याच्या दोन कोपऱ्यांत वरून खाली भेगा पडल्या होत्या, त्या पुतळ्याच्या वजनाने नव्हे, या फुगण्याने.

सळ्या ग्राइंडरने कापू नयेत. ठिणग्या ब्राँझवर बसून गंजाचे डाग पाडतात, आणि चकती उसळली तर पहिला घाव धातूला. पुतळ्याच्या कडेखाली लाकडी पाचरी हलक्या हाताने सारून ४ मिलिमीटर फट मिळवली आणि त्यातून हॅक्सॉचं उघडं पातं चालवलं. एकेका सळीला चाळीस मिनिटं. पात्याला एका टोकाला कापड गुंडाळून मूठ केलेली.

पट्टा पॉलिएस्टरचा, काखेखालून आणि पाठीमागून. मानेला कधीही नाही. असे पुतळे बऱ्याचदा भागाभागाने ओततात, आणि डोक्याचा सांधा कॉलरखाली लपवलेला असतो. बाहेरून दिसत नाही, पण सगळ्यात कच्ची जागा तीच. पहिली उचल २ सेंटिमीटर, मग पाच मिनिटं हात खाली. या पाच मिनिटांतच सगळं कळतं. आमच्या बाबतीत दोन गोष्टी कळल्या. भरण डाव्या बाजूला जास्त होतं, त्यामुळे पुतळा त्या खांद्यावर कलला. आणि चेन ब्लॉक टांगलेल्या तिकाटण्याचा एक पाय हिरवळीत चार सेंटिमीटर रुतला, कारण माळ्याने रोजच्या सवयीने संध्याकाळी नळी सोडली होती. “पात्रांव, पांय वता!” (मालक, पाय चाललाय) असं ओरडणारा पोरगा बाजूलाच उभा होता म्हणून बरं. पुतळा परत टेकवला. तिन्ही पायांखाली ६० बाय ६० सेंटिमीटरचे, १९ मिलिमीटर जाड प्लायवूडचे तुकडे घातले, पट्टा डावीकडे सरकवला, उजव्या बाजूला दोर धरायला माणूस दिला. ब्लॉक एक टनाचा होता, वजनाची भीती नव्हती. भीती असते ती झुलण्याची. दुसऱ्या उचलीत पावणेदहाला पुतळा टेम्पोतल्या वाळूच्या पोत्यांवर होता.

बघे जमले होते, पण आरडाओरड झाली नाही. गोव्यात हे पहिलं नाही. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हॉइसरॉय होता, त्याच्या काळात जुन्या गोव्याच्या व्हॉइसरॉय कमानीवर पणजोबाचा पुतळा बसला, आणि पणतू परत निघाला तेव्हा पोर्तुगिजांनीच तो पाडून फोडला. ही १६०० च्या सुमाराची गोष्ट, तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना दोष देता येणार नाही. पणजीच्या आझाद मैदानातल्या मंडपात गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकेर्क होता, तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि त्याच मंडपाच्या आवारात स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांचं स्मारक आहे. जुन्या गोव्यातच १९६० साली, म्हणजे राज्य संपायच्या जेमतेम वर्षभर आधी, पोर्तुगीज कवी कामोंइशचा ब्राँझ पुतळा उघड्यावर उभा केला. १९८० च्या दशकात तोही संग्रहालयात गेला. पणजीच्या पालिका बागेतल्या खांबावर गामा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. खांब तोच. मला या सगळ्यांत हा खांब सर्वांत प्रामाणिक वाटतो, पण ते असो.

कोठारात पुतळा उलटा करून तळ उघडला तेव्हा खरं दुखणं दिसलं. सिमेंट आणि ब्राँझच्या मधल्या फटीत फिकट हिरवी भुकटी, खडूच्या चुऱ्यासारखी, बोटाला लागणारी. बाहेरच्या ब्राँझवर जो गडद हिरवा घट्ट थर चढतो तो वेगळा, तो धातूला राखतो. ही भुकटी धातू खाते. मिठात असतं ते क्लोराइड तांब्याशी मिळून आत बसतं, हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की भुकटी होऊन फुलतं, आणि त्या क्रियेत पुन्हा क्लोराइड मोकळं होतं. म्हणजे एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या थोडी वर गेली तरी हे चालतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर असते.

क्लोराइड आलं कुठून? भरणाचा खडा ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर ठेवला, गाळला, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन. पाणी दुधासारखं पांढरं झालं, म्हणजे क्लोराइड होतं. रेती खारी होती. आपल्या नद्यांत भरतीचं पाणी खूप आतपर्यंत चढतं, आणि त्या पट्ट्यातली रेती न धुता वापरली की मीठ भिंतीत जातं. इथे पुतळ्याच्या पोटात गेलं. दुसरा हात बाहेरून लागला होता. पुतळा अधूनमधून चिंच आणि मिठाने घासला जात असे, समई घासतात तसा. चिंचेचं आम्ल थर काढतं, मीठ क्लोराइड देतं. समई रोज पुसून कोरडी ठेवतात, म्हणून तिला चालतं. पावसात उभ्या पुतळ्याला नाही.

भरण काढायला तीन दिवस लागले. ६ मिलिमीटरच्या ड्रिलने जवळजवळ भोकं, मग मधली भिंत हाताच्या छिन्नीने. ब्रेकर लावला असता तर अर्धा तास, आणि कॉलरखालचा सांधा उघडला असता. एकूण ५३ किलो मलबा निघाला. नंतर भुकटी भिंगाखाली खरवडून काढली, ऊर्ध्वपातित पाण्याच्या धुण्या सिल्व्हर नायट्रेटला पाणी गढूळ होईनासं होईपर्यंत चालू ठेवल्या, वाळवलं, आणि अल्कोहोलमध्ये ३ टक्के बेन्झोट्रायझोल, म्हणजे तांब्याची झीज रोखणारं रसायन, दोनदा लावलं. हातमोजे आणि मास्कशिवाय नाही, ते अंगात जायला नको. शेवटी धातू हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम करून मायक्रोक्रिस्टलाइन मेण, थंड झाल्यावर मऊ ब्रशने घासून. मेण बाहेर ठेवलेल्या पुतळ्याला दर मे महिन्यात लागतं. कोठारात तीन वर्षं पुरेल, दमट नसेल तर. पण कोठार दमट आहे. म्हणून खाली लाकडी चौकट, भिंतीपासून एक हात अंतर, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, सुती कापड. प्लॅस्टिकखाली घाम धरतो.

पुन्हा कधी कुठे बसवायचा झाला तर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, त्यांवर नायलॉनच्या नळ्या म्हणजे दोन धातू भिडणार नाहीत, तळाला पाणी निघायला १० मिलिमीटरचं भोक, आणि पोटात काहीही भरायचं नाही. हे अहवालाच्या शेवटी ठळक लिहिलंय.

चौथरा बागेतच आहे. सळ्यांची बुडं कोअर ड्रिलने, म्हणजे पोकळ नळीसारख्या ड्रिलने, काढली, भोकं चुन्याने भरली, सिमेंटचा गिलावा उतरवला आणि माथ्यावर चारी बाजूंना उतार देऊन चुन्याचा थर दिला, पाणी साचू नये म्हणून. पाटी जागेवर आहे, बुजवलेली आणि तासलेली. माळ्याने माथ्यावर क्रोटनची एक कुंडी ठेवली आहे. उतारावर ती सरळ बसत नाही म्हणून खाली त्याने सिमेंटचा गोळा लावला आहे, तो काढायला सांगितलंय.