आमची वाटचाल: जळलेल्या मोटरींकडून चालत्या मोटरींकडे

आमच्या पाटीवर अजूनही 'मोटर रिवाइंडिंग' (जळालेल्या मोटरीत नवी वायर भरणं) असंच लिहिलेलं आहे, पण रिवाइंडिंग आता आमच्या कामाचा छोटा भाग उरला आहे. बाकीचा वेळ चालू डीसी मोटरींपाशी जातो: ब्रश (वीज आत नेणारे कार्बनचे ठोकळे) बघणं, ते ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल, म्हणजे कम्युटेटर, बघणं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावणं. असं काही ठरवून केलं नव्हतं. जळून आलेल्या मोटरी उघडता उघडता लक्षात येत गेलं, की त्यातल्या बऱ्याचशा वेळेवर कुणी बघितल्या असत्या तर आमच्यापर्यंत आल्याच नसत्या.

सुरुवात एसी मोटरींपासून केली. इंडक्शन मोटर तशी सरळ. नेहमीच्या स्क्विरल केज प्रकारात रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, वायरच नसते, जळायचं ते स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात. डीसी मोटर आली की बहुतेक रिवाइंडर हात वर करत. आर्मेचर म्हणजे तिचा फिरणारा भाग, त्यावर वाइंडिंग, टोकाला कम्युटेटर, बाहेर मुख्य पोल (चुंबक) आणि त्यांच्या मध्ये इंटरपोल, म्हणजे स्पार्क रोखणारे छोटे पोल. जुनी वायर तोडण्याआधी कुठल्या खाचेतलं टोक कम्युटेटरच्या कुठल्या सेगमेंटला (पट्टीला) जातं हे कागदावर उतरवून घेतलं नाही, तर नवं वाइंडिंग कितीही सुबक भरा, मोटर ब्रशखाली जाळ काढणारच. कुणी घेत नव्हतं म्हणून ते काम आमच्याकडे आलं आणि आमच्याकडेच राहिलं.

गिऱ्हाइकाशी पहिला वाद नेहमी स्टार्टरवरून, म्हणजे मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या उपकरणावरून. "थेट सप्लाय दिला तर काय बिघडतं?" मग आम्ही कागद घेऊन बसतो. समजा मोटर २२० व्होल्टची आणि आर्मेचरचा रेझिस्टन्स ०.५ ओहम. पूर्ण लोडवर ती ४० अँपिअर घेते, कारण फिरणारं आर्मेचर स्वतःच २०० व्होल्टचा उलटा दाब तयार करतं. यालाच बॅक ईएमएफ म्हणतात. आर्मेचरच्या रेझिस्टन्सला उरतात फक्त २० व्होल्ट. पण मोटर उभी असताना हा उलटा दाब शून्य असतो. तेव्हा करंट ४४० अँपिअर, म्हणजे अकरा पट. स्टार्टरमधला रेझिस्टन्स किंवा ड्राइव्हची (मोटरला वीज देऊन वेग सांभाळणाऱ्या पॅनेलची) करंट लिमिट ही एवढ्याचसाठी असते. एवढं गणित झालं की वाद संपतो.

दुसरी गोष्ट फील्डची, म्हणजे मुख्य पोलांच्या चुंबकीय वाइंडिंगची. शंट मोटरचा (फील्ड आर्मेचरला समांतर जोडलेलं) वेग आर्मेचरच्या व्होल्टेजवर वाढतो आणि फील्ड कमी केलं की आणखी वाढतो. त्यामुळे चालत्या मोटरचं फील्ड तुटलं आणि लोड हलका असला, तर मोटर पळत सुटते. फील्ड-लॉस रिले (फील्ड गेलं की मोटर बंद करणारा) काढून टाकलेलं पॅनेल दिसलं की मोटर बाजूला ठेवून आम्ही आधी रिलेचं बोलतो. सिरीज मोटरला (फील्ड आर्मेचरच्या रांगेत जोडलेलं) तर लोडशिवाय चालवायचंच नाही. म्हणून तिला बेल्ट नको, थेट कपलिंग किंवा गिअर हवा. बेल्ट तुटला की लोड गेला, आणि मग वेग बेफाम वाढून आर्मेचरवरच्या बांधणीच्या पट्ट्या सुटून वाइंडिंग बाहेर येतं. एकदा असं आर्मेचर पाहिलेला माणूस पुन्हा बेल्टचं नाव काढत नाही.

आमचा खरा अभ्यास कम्युटेटरचा. चांगल्या कम्युटेटरवर एकसारखा चॉकलेटी थर असतो. तांब्याचं ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि हवेतला थोडा दमटपणा मिळून तो बनतो, आणि ब्रश त्यावरच सरकतात. पॉलिश पेपर मारून तांबं चकचकीत करणारे ऑपरेटर भेटतात. चमक दिसायला छान, पण थर गेला की ब्रश झिजायला लागतात. एक सोडून एक किंवा दर तिसरा सेगमेंट काळा दिसला, तर प्रत्येक खाचेत किती कॉइल आहेत ते आम्ही मोजतो. बऱ्याचदा डागांचा हिशेब तिथे जुळतो. एकाच जागी दोन सेगमेंट भाजलेले असतील तर त्यांच्यामधली कॉइल तुटली असण्याचा संशय. तेव्हा लागूनच्या सेगमेंटमधला व्होल्टेज ड्रॉप क्रमाने मोजत जायचं. ग्राउलरवर (आर्मेचर तपासायचा एसी चुंबक) हॅकसॉचं पातं थरथरलं तर शॉर्ट.

लोकांना सगळ्यात पटायला जड जातं ते हलक्या लोडचं. मोटर गरजेपेक्षा मोठी घेतली, करंट कमी, म्हणजे ब्रश जास्त टिकायला हवेत ना? होतं उलटं. ब्रशमधून पुरेसा करंट गेला नाही तर थर नीट बसत नाही आणि कम्युटेटरवर बारीक चऱ्या पडतात. अशा ठिकाणी उत्पादकाच्या सल्ल्याने ब्रशची संख्या कमी केली की सुधारणा होते. ब्रश वाढवायला बोलावतात आणि आम्ही कमी करून येतो!

एका बंदिस्त मोटरचे ब्रश भराभर संपत होते. ब्रशचा ग्रेड बदलला, स्प्रिंगचा दाब तपासला, न्यूट्रल (ब्रश बसवायची योग्य जागा) पाहिलं, सगळं ठीक. शेवटी कव्हरच्या सांध्यावर सिलिकॉन सीलंट सापडला. त्याची वाफ ब्रश आणि कम्युटेटरच्या मध्ये गेली की झीज कित्येक पटींनी वाढते. सीलंट काढला, ब्रश नवे घातले, तक्रार थांबली. तेव्हापासून कव्हर उघडायच्या आधी आम्ही सांध्यावरून बोट फिरवतो.

नवे ब्रश बसवताना सँडपेपर वापरायचा, एमरी (कुरुंदाचा घासकागद) कधीच नाही. तिचे कण ब्रशमध्ये रुतून तांब्याला ओरखडे पाडतात. कार्बनची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, व्हॅक्यूमने ओढायची, नाहीतर ती वाइंडिंगच्या आत जाऊन बसते आणि मेगरचं रीडिंग खाली येतं. मेगर लावण्याआधी ड्राइव्हच्या केबल सोडायच्या, नाहीतर ड्राइव्हमधले थायरिस्टर (करंट नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात. दुसऱ्याकडे दुरुस्त होऊन आलेली मोटर जोरात स्पार्क करत असेल, तर आम्ही आधी इंटरपोलची पोलॅरिटी बघतो: मोटरमध्ये फिरण्याच्या दिशेने मागे असलेला मुख्य पोल उत्तर, तर इंटरपोलही उत्तरच हवा.

वेग नियंत्रणासाठी हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी १८९१ मध्ये काढलेली पद्धत, म्हणजे एका मोटरसाठी वेगळा मोटर-जनरेटर संच. जुन्या लिफ्टचा असा एक संच आम्ही चालता ठेवला होता. पुढे थायरिस्टर ड्राइव्ह आले, आता एसी मोटर आणि व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह). नवी मशीन घेणाऱ्याला आम्ही स्वतःच सांगतो, की डीसीचा हट्ट नको. क्रेन, रोलिंग मिल, कागदाच्या मशीनवर चांगल्या स्थितीत असलेल्या मोटरी मात्र विनाकारण काढू नयेत, एवढंच आमचं म्हणणं.

सध्या जास्त फोन येतात ते गोदामात ठेवलेल्या स्पेअर मोटरींबद्दल. ब्रश कम्युटेटरवर टेकलेलेच राहिले तर दमट हवेत तिथे तांब्यावर डाग खाल्ला जातो. म्हणून ब्रश उचलून ठेवा, शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवा म्हणजे बेअरिंगवर एकाच जागी भार राहणार नाही, हीटर असेल तर चालू ठेवा, आणि मोटर जोडण्याआधी मेगरचं रीडिंग वहीत लिहून ते आम्हाला कळवा.