तुम्ही विचारलंत म्हणून: तो चरांचा अध्याय मी का घेत नाही

दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच. गावाकडे टँकर सुरू झाले की बायबल क्लास सुटल्यावर चपला घालता घालता, नाहीतर रात्री अकराला मेसेज, 'ताई एकदा २ राजे ३ घ्या ना, ते खोऱ्यात चर खणायचं, किती आशीर्वादाचं वचन आहे.' म्हणजे जुन्या करारातल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाचा तिसरा अध्याय, त्यात तहानलेल्या सैन्याला संदेष्टा कोरड्या खोऱ्यात चर खणायला सांगतो. मी काहीतरी कारण सांगते. घसा बसलाय, आता आपलं लूक चालू आहे, पावसाळ्यानंतर बघू. मग माझ्यामागे बोललं जातं की हिला जुना करार जमत नाही, किंवा हिचा विश्वास थंड झालाय. थंडबिंड काही झालेला नाही. पण दहा-बारा वर्षं टाळत आले हे खरंय, तर आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी हे की बायबलमधला प्रत्येक चर सारखा नाही, आणि हे मलाही फार उशिरा कळलं. आमच्याकडे बाहेरून प्रीचर यायचे, ते १६११चं किंग जेम्स, म्हणजे जुनं इंग्रजी बायबल, वाचायचे, शेजारी उभा राहून एक भाऊ भराभर मराठी करायचा, आणि त्याच्या तोंडून सगळ्याचाच खंदक व्हायचा. शौल राजा खंदकात झोपला होता असं मी संडे स्कूलच्या वयात ऐकलंय, आणि मला त्याची दया यायची, राजा असून खड्ड्यात झोपतो. तिथे हिब्रूत शब्द आहे मागाल, म्हणजे गोल, छावणीचा घेर. मधे शौल, उशाशी रोवलेला भाला, भोवती झोपलेली माणसं, आणि त्यांच्यातून दावीद आणि त्याचा सोबती अबीशय चालत जाऊन तो भाला आणि पाण्याचं भांडं उचलून आणतात. खड्डा कुठेच नाही. लूक १९ मध्ये येशू यरुशलेमकडे बघून रडतो, तिथेही किंग जेम्समध्ये खंदकच आहे, पण ग्रीक शब्द मेढेकोटाचा, म्हणजे खुंट रोवून केलेल्या कुंपणाचा, आहे. इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीतसच्या सैन्यानं शहराला वेढणारी भिंत घातलीच, त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो ३९ स्टेडिया, म्हणजे सातेक किलोमीटर, आणि तीही तीन दिवसांत.

कर्मेल डोंगरावरचा एलीया संदेष्ट्याचा चर मात्र खराच चर. वेदीभोवती, दोन मापं बी मावेल एवढा, म्हणजे साधारण पंधरा लिटर, काही फार मोठा नाही. दुष्काळाचं तिसरं वर्ष आणि हा माणूस चार घागरी तीनदा, अशा बारा घागरी पाणी ओततो. (आमच्या आईनं त्याला तिथेच सुनावलं असतं.) त्या चराला हिब्रूत तआला म्हणतात, आणि हिज्कीया राजानं यरुशलेमात पाणी आणायला जो पाट केला त्यालाही तआलाच. एकीकडे पाणी अडवणारा, दुसरीकडे वाहून आणणारा, शब्द तोच.

आणि लढाईतले चर तर बघवत नाहीत. गथ, गल्याथाचं गाव, २ राजे १२ मध्ये अरामाचा राजा हजाएल ते घेतो, सगळं एका वचनात उरकलंय. त्याच गथच्या जागी, आजच्या तेल एस-साफी इथे, पुरातत्त्वज्ञ अरेन माएर यांच्या टीमनं खोदकाम केलं तेव्हा त्या वेढ्याचा चर सापडला, दोन किलोमीटरहून लांब, आठ मीटरपर्यंत रुंद, पाच मीटरहून खोल, खडकात तोडलेला. पाण्यासाठी नाही हो, आतल्या माणसांना बाहेर पडता येऊ नये म्हणून. याच हजाएलाच्या मुलानं पुढे बाकीच्या राजांना घेऊन सीरियातल्या हमाथच्या जक्कूर राजाला वेढलं. जक्कूरचा शिलालेख आहे त्यात तो सांगतो, त्यांनी माझ्या भिंतीहून उंच भिंत घातली आणि माझ्या चराहून खोल चर खणला. त्याचा तो शब्द आणि दानीएल ९ मधला खंदकाचा शब्द एकच आहे. आता यातल्या कुठल्या चराचा आशीर्वाद मागायचाय?

बरं, मुद्द्यावर येते.

२०१३चा उन्हाळा, नगरकडचा. ज्यांनी तो काढलाय त्यांना सांगायला नको. मामाच्या घरी प्रार्थना सभा होती, तीसेक माणसं, पाळक दुसरीकडे अडकले म्हणून संदेश मी द्यायचा ठरला. मी एकतीस वर्षांची, पुण्याहून आलेली, वहीत मुद्दे लिहिलेले, पहिला, दुसरा, तिसरा. मी २ राजे ३ घेतला. तीन राजे, इस्राएलचा यहोराम, यहूदाचा यहोशाफाट आणि अदोमचा, शेजारच्या मवाब देशावर चाललेत, सात दिवस फिरून पाणी संपलंय, आणि अलीशा संदेष्टा म्हणतो या खोऱ्यात चरच चर खणा, वारा दिसणार नाही, पाऊस दिसणार नाही, तरी खोरं भरेल. आणि मी काय म्हणाले ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, देव पाणी देणारच आहे, प्रश्न एवढाच आहे की तुमचा चर तयार आहे का. बायकांनी आमेन म्हटलं. मलाच भरून आलं.

सभा संपल्यावर मामानं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, 'पोरी, उद्याच जेसीबी सांगतो.'

मला वाटलं, बोलतोय. त्यानं खरंच सांगितला. मामाचं रान माळाला, चांगलं उताराचं, वरच्या अंगाला बांध, खाली विहीर, मधे दोन वर्षांचं डाळिंब. त्यानं वरच्या बांधापासून सरळ विहिरीपर्यंत चर काढला. सरळ, उताराच्या दिशेनं, म्हणजे पाणी नीट विहिरीत उतरेल. अकरा तास जेसीबी चालला, पैसे उसने. शेजारच्यांनी सांगितलं होतं, कृषी सहाय्यकानं सांगितलं होतं, चर उताराला आडवा घ्यायचा असतो, पाणी थांबलं पाहिजे, मुरलं पाहिजे. मामा त्यांना म्हणाला, आमच्या पोरीनं वचन दिलंय. मी त्या चराच्या काठावर उभी होते. मला आडवा-उभा काही कळत नव्हतं, मी फोटो काढला, फेसबुकवर टाकला आणि खाली वचन लिहिलं.

जूनमध्ये एका संध्याकाळी पाऊस आला, तासभर, पण असा की वरचा सगळा माळ धुऊन आला. आणि तो सगळा त्या चरातून आला. चराचा ओढा झाला. काठ ढासळत गेले, डाळिंबाच्या चार ओळी ठिबकच्या नळ्यांसकट गेल्या, आणि सगळा गाळ विहिरीत. दोन दिवसांनी मी गेले तर मामी कठड्याशी बसून बादलीनं चिखल काढत होती. विहीर अशी बादलीनं निघते का? पण ती काढत होती. मी तिच्याशेजारी बसले तर तिनं नुसता पदर सावरला, माझ्याकडे बघितलं पण नाही. मामा मात्र हसला. म्हणाला, 'पाणी आलं की गं.'

तेव्हाची मी यावर वाद घालायची. देवानं पाणी दिलंच ना, चर चुकीचा खणला हा मामाचा दोष, मी कुठे म्हणाले होते उभा खण? हे मी नवऱ्याला सांगितलंय, पाळकांना सांगितलंय, प्रार्थनेत पण सांगितलंय. आणि ते खोटं नाही. पण मी आडवा खण असंही म्हणाले नव्हते. मी चराबद्दल काहीच म्हणाले नव्हते, मी विश्वासाबद्दल बोलत होते आणि मामा पाण्याबद्दल ऐकत होता.

अलीशाही पाण्याबद्दलच बोलत होता. तिथे शब्द आहे गेबीम, तोही दोनदा, गेबीम गेबीम, खड्डेच खड्डे. कोरड्या नदीचं पात्र आहे, लांब कुठेतरी डोंगरात पाऊस पडतो आणि इथे आभाळ निरभ्र असताना लोंढा येतो, येतो तसा निघून जातो. पाणी अदोमच्या वाटेनं आलं असं लिहिलंयच. खड्डे खणायचे ते लोंढा गेल्यावर मागे पाणी राहावं म्हणून. खणल्यामुळे पाणी आलं असं त्या अध्यायात कुठेही नाही. आणि हाच शब्द यिर्मया १४ मध्ये आहे, तिथेही दुष्काळ, मोठ्या लोकांनी चाकर पाण्याला पाठवलेत, ते गेबीमपाशी येतात, पाणी नाही, रिकामी भांडी घेऊन डोकं झाकून परत जातात. यावर मी आजपर्यंत एकही संदेश ऐकलेला नाही.

तरी हे सगळं मी नंतर वाचलं. खरा घाव मामानंच घातला, आणि त्याला ते माहीतही नाही. त्या दिवाळीत गेले होते, तो ओट्यावर चष्मा लावून बायबल वाचत होता. म्हणाला, 'अगं, तू सांगितला तो अध्याय मी पुढं वाचला. त्याच वचनाखाली लिवलंय, मवाबाचे सगळे झरे बुजवा, चांगल्या रानात दगडं टाका, झाडं तोडा. अन् केलं की त्यांनी तसं. ते तू वाचलं नव्हतं व्हय?'

वाचलं होतं. वहीत सोळा ते अठरा एवढीच वचनं होती, कारण एकोणीस बसत नव्हतं.

ज्यांना चरांतून पाणी मिळालं त्यांनीच जाऊन दुसऱ्याचे झरे बुजवले. आणि शेवटी मवाबाचा मेशा राजा तटावर आपल्या थोरल्या मुलाचं होमार्पण करतो, आणि इस्राएल माघारी फिरतो. हा तोच मेशा ज्याचा दगड १८६८ मध्ये जॉर्डनमधल्या धीबानला सापडला, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर तो लिहितो की नगरात पाण्याचा हौद नव्हता म्हणून मी लोकांना सांगितलं, प्रत्येकानं आपापल्या घरात हौद करा. शत्रूचा राजा, पण मला तरी तो त्या तिन्ही राजांपेक्षा मामाच्या जवळचा वाटतो. हे असं वर्गात बोलले की काय होईल ते माहितीये मला.

मग म्हणाल, सगळा अध्याय घ्या, कोणी अडवलंय. घेईन कदाचित, सत्तावीसपर्यंत. पण मे महिन्यात नको, आणि शेवटी आमेन म्हणायला कोणी उठलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. कधीकधी असंही वाटतं की मीच जास्त करतेय, मामानं तर पुढच्याच वर्षी आडवे चर घेतले, त्यात पाणी थांबतं, आणि तो अजूनही मंडळीत सांगतो की आमच्या पोरीच्या संदेशावरून सुरुवात झाली. तो असं म्हणतो तेव्हा मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटतं.

फोटो अजून फेसबुकवर आहे. काढायला गेले की खाली मामीचं 'आमेन' दिसतं, मामेभावाच्या अकाउंटवरून टाकलेलं, पावसाच्या आधीच्या आठवड्यातलं.