नुसतं झोपेचं औषध

लहान मुलांचे एमआरआय असले की त्या सेंटरला मला भूलतज्ज्ञ म्हणून बोलावतात. त्या दिवशीची पहिलीच केस अडीच वर्षांची मुलगी, फिट्स येतात म्हणून मेंदूचा एमआरआय. आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. टेक्निशियन खूश. "मॅडम, आयती झोपलीय. लगेच घेऊन टाकू?"

अशा आयत्या झोपेची मला धास्तीच वाटते. विचारल्यावर कळलं, ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीच्या वेळचं ट्रायक्लोफॉस या झोपेच्या औषधाचं सिरप घरात उरलं होतं, तेच पहाटे निघताना पाजलं. एसटीत ती उठून रडायला लागली, तेव्हा पुन्हा. किती? "टोपणभर असेल, थोडं सांडलं." वर स्टँडवर दूध-बिस्किट.

मुलगी घोरत होती. मान पुढे कलंडली की घोरणं बंद व्हायचं, आणि आईला वाटायचं, आता शांत झोपली. खरं तर तेव्हा श्वासच अडत होता. टेबलावर घेतलं, खांद्याखाली चादरीची घडी, हनुवटी वर, ऑक्सिजन. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९० टक्के होतं, ते ९८ वर आलं.

"आता घ्या की आत," वडील म्हणाले. मी नाही म्हटलं. दूध पोटात गेल्यावर गुंगी देण्याआधी सहा तास थांबावं लागतं, साध्या पाण्याला दोन; नाहीतर झोपेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. पोटात दूध, अंगात किती औषध ते कुणालाच ठाऊक नाही, आणि बोगद्यात गेल्यावर मला तिचे पायच दिसणार. ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी सॅच्युरेशन काही वेळ छान दिसत राहतं. कॅप्नोग्राफ बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो; श्वास थांबला की त्याची रेघ लगेच आडवी होते, म्हणून तो लावतो. पण तो उलटी थोडीच थांबवणार?

वडील चिडले. दिवस बुडाला, मजुरी बुडाली. राग खोटा नव्हता. "इथंच आमच्या शेजाऱ्याच्या पोराचं नुसत्या सिरपवर झालं. डॉक्टरसुद्धा नव्हते."

मी टेक्निशियनकडे बघितलं. मी नसते तेव्हा मुलाकडे लक्ष कोण ठेवतं?

"मीच. काचेतून."

म्हणजे स्कॅनही त्यानेच करायचा आणि श्वासही त्यानेच मोजायचा. मूल ठरवल्यापेक्षा खोल झोपेत गेलं तर जबडा उचलून लहान मास्कने श्वास देणारं कुणीतरी शेजारी हवं, आणि त्या माणसाकडे तेवढं एकच काम हवं. औषध तोंडाने दिलं म्हणून यात सूट मिळत नाही. सिस्टर हुशार आहेत, पण हाताने दाबून श्वास देायची ॲम्बू बॅग लहान मुलाच्या तोंडावर त्यांनी कधी धरलेली नव्हती. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, त्यांचा काय दोष?

मुलगी दुपारी नीट जागी झाली. पाणी प्यायली, चप्पल मागितली. तरी लगेच सोडलं नाही. हे औषध रेंगाळतं, आणि परतीच्या एसटीत मान पुन्हा पडली असती. उरलेली बाटली मी ठेवून घेतली. पुढची तारीख दिली, पहिला नंबर. "पहाटे रडली तर?" आईने विचारलं. "रडू दे ताई. औषध इथे आल्यावरच."

संध्याकाळी मालकांशी बोलले. सिस्टरना बालरुग्णांच्या जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाला पाठवायला ते तयार झाले. मी नसताना सिरपवरच्या केसेस बंद करा म्हटलं, त्यावर मात्र "बघू" म्हणाले.