आमची वाटचाल : 41 सेकंदांचं उड्डाण

हौशी लोक घरी विमान बांधतात, त्यांना पंख आणि इंधनाच्या टाक्या बनवून देणं हा आमचा धंदा. कारखान्याला 19 वर्षं झाली. त्यातल्या बहुतेक वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की काम वेळेवर गेलं. पैसे कधी वेळेवर आले, कधी उशिरा. सांगायचं आहे ते पहिल्या विमानाचं, कारण त्यावरून आमच्या पाठीमागे अजूनही वाटेल ते बोललं जातं.

सुरुवात आम्हा दोघांची. भागीदाराचा हात आखणीवर, माझा पत्र्यावर. भांडवल म्हणजे पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटा ठोकायची एक गन, पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिनांचे, म्हणजे क्लेकोंचे, दोन डबे आणि ठोकताना रिव्हेटच्या मागून टेकवायचा एक बकिंग बार. तो बार आजही माझ्या टेबलावर असतो. मुठीत बसेल एवढा पोलादी ठोकळा, रिव्हेटला टेकणारी बाजू आरशासारखी घासलेली. तिच्यावर एक ओरखडा जरी असला तरी तो प्रत्येक रिव्हेटवर उमटतो. ठोकलेलं डोकं रुंदीला रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट आणि उंचीला निम्मं यायला हवं. नवीन पोरगा आला की त्याला गन हवी असते. पण रिव्हेट बिघडते ती बहुतेक वेळा बार धरणाऱ्याच्या हातून. म्हणून आमच्याकडे पहिले सहा महिने नुसता बार धरायचा. तुम्ही स्वतः बांधत असाल तर तुम्हीही हेच करा, गनच्या आधी बार धरायला शिका.

पहिली गिऱ्हाइकं यायची, "तुमची किती विमानं उडाली?" विचारायची आणि निघून जायची. सर आले तेव्हा काखेत विमानाच्या नकाशांची गुंडाळी होती. निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांनी विचारलं, "भंगाराचा डबा कुठे आहे?" डब्यातल्या टाकून दिलेल्या रिब्स, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्या, एकेक करून उजेडात धरल्या, भोकांच्या कडा नखाने चाचपल्या आणि म्हणाले, "एवढं टाकून देता ना, मग काम तुम्हीच करा." सरांचं विमान म्हणजे वरचे पंख, दोन टाक्या, इंधन पंपाशिवाय आपल्या वजनाने खाली येणारं. चार वर्षं रोज संध्याकाळी सर आमच्या शेजारी उभं राहून काम करायचे.

उड्डाणाच्या आदल्या आठवड्यात इंधनाची चाचणी घेतली. तासाला 27 लिटर पिणारं इंजिन असेल तर अशा रचनेत दीडपट इंधन यायला हवं, म्हणजे मिनिटाला पावणेसातशे मिलिलिटर. आमचं त्याहून जास्त भरलं. सर म्हणाले, "नाक वर करून पुन्हा मोजू या. चढताना विमान असं आडवं थोडंच असतं?" मी म्हटलं, "सर, आकडा आलाय, आता गरज नाही." हे वाक्य माझं होतं. भागीदाराचं नव्हतं आणि सरांचं तर नव्हतंच.

सकाळी वारा अगदी पडलेला होता. वैमानिक अनुभवी, आणि एकटाच बसला; पहिल्या उड्डाणात दुसरा माणूस नको म्हणजे नकोच. विमान धावलं, चाकं सुटली. साधारण 200 फुटांवर आवाज बदलला. इंजिन एकदम बंद नाही पडलं, गचके खाऊ लागलं. वैमानिकाने मागे वळायचा विचारही केला नाही. नाक खाली घातलं आणि समोर उरलेल्या धावपट्टीवर उतरवलं. पण आपटलं. डाव्या चाकाचा पाय वाकला, प्रोपेलर जमिनीला लागून फुटला. सरांच्या हातात स्टॉपवॉच होतं. 41 सेकंद. वैमानिकाला खरचटलंही नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

उजव्या टाकीत, जाळीवर, नखाएवढा सीलंटचा, म्हणजे टाकीचे सांधे बुजवायच्या लुकणाचा, पापुद्रा सापडला. आडव्या विमानात तो बाजूला पडून राहायचा, नाक वर झालं की घरंगळत तोंडावर येऊन बसायचा. ती टाकी मीच सील केली होती. मी सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहून कारण कळवलं, टाक्या परत मागवल्या आणि फुकट उघडून साफ केल्या.

प्रोपेलर फुटला म्हणजे इंजिन पूर्ण उघडून तपासणं आलंच. त्या खर्चात आमचं होतं नव्हतं ते गेलं. त्याच महिन्यात भागीदार बाहेर पडला. नुसता नाही, पंख जुळवताना धरून ठेवणाऱ्या जिगचे साचे घेऊन. ते आम्ही दोघांनी मिळून दोन पावसाळे खपून बनवले होते. त्याने स्वतःचं दुकान थाटलं आणि आमचंच पत्र लोकांना वाचून दाखवू लागला. वर म्हणायचा, "राइट बंधूंचं चौथं उड्डाणसुद्धा 59 सेकंदांचं होतं!" आकडा खरा आहे, 17 डिसेंबर 1903. पण त्या दिवशी चौथ्या उड्डाणानंतर त्यांचंही विमान वाऱ्याने उलथून मोडलं, हे तो कधी सांगत नसे. सात ऑर्डरी गेल्या. साच्यांबद्दल आजवर एक शब्द नाही.

सरांनी मात्र पैसे परत मागितले नाहीत. विमानाचा वाकलेला पाय घेऊन कारखान्यात आले आणि म्हणाले, "बार कुठे आहे?"

पुढचे 14 महिने आम्ही दोघंच. या वेळी शेपटी खड्ड्यात उतरवली, नाक चढाईच्या कोनाहूनही वर केलं आणि एकेक टाकी वेगळी मोजली. मिनिटाला उजवी 710, डावी 720 मिलिलिटर. आजही आमच्या प्रत्येक टाकीसोबत नाक वर करून घेतलेल्या मोजणीचा कागद जातो.

आणखी एक सांगतो. पहिल्या उड्डाणाला पाहुणे बोलावू नका, लोक जमले की थांबायचा धीर राहत नाही. "फक्त जोरात पळवून बघतो" हेही नको. हलकं विमान तुमची तयारी नसताना उठतं.

दुसऱ्या वेळी सकाळी धावपट्टीवर आम्ही तिघंच होतो. वैमानिक धावपट्टीच्याच माथ्यावर घिरट्या घेत राहिला, 35 मिनिटं. सरांनी स्टॉपवॉच सुरू केलं होतं, पण बंद करायला ते विसरले. विमान उभं राहिल्यावर ते आधी उजव्या पंखाखाली गेले, टाकीच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. कोरडं होतं.