आमची वाटचाल : रबिंगच्या मशीनपासून टेस्ट स्पॉटपर्यंत

आम्ही गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढून पॉलिश करतो. पुण्यातल्या आमच्या शेडमध्ये पहिलं मशीन आलं ते रोटरी. लोकरीचं मोठं पॅड, डब्यातलं रबिंग कंपाउंड (रंग घासणारी पेस्ट) आणि शेवटी वॅक्स, एवढ्यावर 'रबिंग-पॉलिश' व्हायचं. आजही डेंटिंग-पेंटिंगच्या बऱ्याच गॅरेजांत असंच होतं. गाडी चमकते, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर धुरकट पट्टे सरकताना दिसतात. हे होलोग्राम मशीननेच पाडलेले असतात. रोटरीत पॅड एकाच अक्षाभोवती फिरतं, त्यामुळे बारीक ओरखड्यांचे पट्टे एका वळणाने पडत जातात. वॅक्सचं तेल त्यांत भरून असेपर्यंत ते दिसत नाहीत, आणि काही धुण्यांनंतर पुन्हा वर येतात. चमक आणणं आणि ओरखडा काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिथे पक्कं झालं. पुढची प्रत्येक खरेदी त्यावरूनच ठरली.

स्वर्ल म्हणजे दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे ओरखडे. मुळात ते गोल नसतात. सगळ्या दिशांना गेलेल्या सरळ रेघांपैकी प्रकाशाला आडव्या असलेल्या तेवढ्याच उजळतात, म्हणून गोल भासतात. सोसायटीत पहाटे एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, किंवा धुळीवर कोरडा डस्टर फिरतो. रेघा पडतात त्या तिथे.

रेघ काढायची म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तिच्या तळापर्यंत खाली आणायचा. कंपनीचा रंग सगळे थर धरून बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५०. घासून गेलेला थर परत येत नाही. म्हणून आमच्या मते पॉलिशरच्याही आधी जाडीचं मीटर घ्यावं. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा जागी मोजतो. ८० च्या खाली आकडा आला की त्या जागी कंपाउंड लावत नाही. २०० च्या पुढे गेला तर पॅनेल बहुधा पुन्हा रंगवलेलं असतं, आणि ५००-१००० दिसलं तर खाली पुट्टी आहे असं धरून चालतो. मीटर एकूण जाडी दाखवतं, क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही. साधं मीटर धातूपासूनचं अंतर मोजतं, त्यामुळे प्लास्टिकच्या बंपरवर ते उपयोगाचं नाही.

रोटरीनंतर आम्ही ड्युअल अ‍ॅक्शनकडे वळलो. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी हेलकावे घेतं, म्हणून एकाच वळणाचे पट्टे पडत नाहीत. हेलकाव्याच्या मापाला थ्रो म्हणतात. एसयूव्हीचं छत किंवा मोठं सपाट बॉनेट असेल तर २१ मिलिमीटरने काम लवकर उरकतं. पण हॅचबॅकच्या दरवाजाची घडी किंवा फेंडरचा फुगवटा आला की तेच मशीन अडतं, कारण पॅड पूर्ण टेकत नाही, फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. एकच मशीन घेणार असाल तर १५ मिलिमीटर थ्रो आणि ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती) घ्या. प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. ती रेघ फिरताना दिसली नाही तर कटिंग, म्हणजे थर घासला जाणं, होत नाहीये, मग आवाज कितीही येवो.

पिलर, आरसे, नंबरप्लेटभोवतीची जागा यांना ३ इंची छोटं मशीन लागतंच. ८ मिलिमीटरचं फोर्स्ड रोटेशन मशीन गिअरवर फिरतं, दाबलं तरी थांबत नाही. कडक रंगावर ते फार उपयोगी, मात्र उष्णता जास्त. रोटरी विकली नाही. ३००० नंबरच्या पेपरने घासलेल्या जागेवर आजही तीच आधी चालते आणि मागाहून ड्युअल अ‍ॅक्शनने तिचे पट्टे पुसले जातात. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरून मशीन निवडू नका. दाब दिल्यावर वेग पडतो का आणि दोन तासांनी मनगट तक्रार करतं का, हे दुकानात हातात धरून, चालवून पाहा.

पैसे मात्र पॅडवर खर्च करा. निकाल मशीनपेक्षा पॅड जास्त बदलतं, हे आम्हाला उशिरा उमगलं. रंगांवर विसंबू नका. रुपेसच्या फोम पॅडमध्ये निळं सर्वांत खरबरीत, मग हिरवं, पिवळं, आणि पांढरं सर्वांत मऊ. थ्रीएमचं निळं फोम पॅड मात्र अगदी शेवटच्या बारीक कामाचं. दोन कंपन्यांची निळी पॅड एका खणात ठेवली तर केव्हातरी फिनिशिंगला कटिंग पॅड लागणारच. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं हवं, नाहीतर प्लेटची कड रंगाला लागते. लांब थ्रोच्या मशीनवर जाड फोम घेऊ नका. हेलकावा फोमच्या आतच जिरतो आणि खाली पॅड जेमतेम हलतं. मायक्रोफायबर पॅड झपाट्याने कापतं, पण मऊ काळ्या रंगावर धुकं सोडतं, त्यामुळे मागून फिनिशिंगचा हात धरूनच वेळ सांगावी.

एका सेडानला चार कटिंग आणि तीन फिनिशिंग पॅड काढून ठेवतो. प्रत्येक पॅनेलनंतर कॉम्प्रेसरच्या हवेने पॅड झाडायचं, ओलंचिंब झालं की बदलायचं. कंपाउंड आणि घासलेला क्लिअर कोट यांनी भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापतं. त्या तापानेच मागचं वेल्क्रो सुटतं.

पॉलिशमध्ये दोन जाती ओळखायच्या. एकीचे कण काम करताना फुटून बारीक होतात. ते पुरते फुटायच्या आत पुसलं तर धुकं राहतं. दुसरीचे कण तसेच राहतात. तिथे पॉलिश कोरडं पडल्यावरही घासत राहिलं तर धूळ उडते आणि नव्या रेघा पडतात. बाटलीवर कोणती जात लिहिली आहे ते वाचूनच हात किती वेळ चालवायचा ते ठरवावं. ग्लेझ किंवा तेलकट 'ऑल इन वन' रेघा झाकतं. ते वाईट नाही, पण त्याला करेक्शन (रेघा खरोखर काढणं) म्हणून पैसे घेऊ नयेत.

हे सगळं जुळतं ते टेस्ट स्पॉटवर, म्हणजे पूर्ण गाडीआधी पद्धत आजमावायच्या छोट्या जागेवर. गाडी धुऊन, लोहकण काढून, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवून, रबर आणि कडांवर टेप लावून बॉनेटवर ४५ सेंटिमीटरचा चौकोन घेतो. सुरुवात सौम्य जोडीने, म्हणजे फिनिशिंग पॉलिश आणि मधलं पॅड. मटारएवढे चार थेंब घ्यायचे, पहिल्या स्पीडवर पसरवायचे आणि मग चार-पाचवर न्यायचे. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवायचा, आधी उभे मग आडवे असे चार फेरे. पॅनेल वाइपने तेल काढून एलईडीखाली पाहायचं. रेघा उरल्या तर आधी पॅड बदलायचं, मग पॉलिश, आणि मशीन सर्वांत शेवटी. तिन्ही एकदम बदलली तर नक्की कशाने फरक पडला ते कळत नाही. गाडीच्या नावावरून रंग मऊ की कडक ते ठरवू नका, एकाच कंपनीचे दोन रंग वेगळे वागतात.

बिघडतं ते ठरावीक जागी. कडांवर आणि घड्यांवर थर पातळ असतो. प्लास्टिकच्या बंपरमधून उष्णता निघून जात नाही, म्हणून तिथे स्पीड कमी आणि हात चालता ठेवावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पॅनेल तापतं, पॉलिश दोन फेऱ्यांत वाळतं. त्या दिवसांत मोठी पॅनेल सकाळीच उरकतो. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याचे डाग क्लिअर कोटमध्ये खोल उतरले असतील तर सगळे निघत नाहीत. नख अडकतं ती रेघ तर सोडूनच द्यायची, फार तर तिच्या कडा बोथट होतात. जुन्या पद्मिनीसारख्या क्लिअर कोट नसलेल्या रंगावर पॅडला गाडीचाच रंग लागतो. घाबरू नये, पण पॅड लवकर बदलत राहावं.

आता प्रत्येक गाडीच्या जॉब कार्डवर आधीची आणि नंतरची जाडी, पॅड, पॉलिश आणि स्पीड लिहिलेलं असतं. तीच गाडी दोन वर्षांनी परत आली तर आधी ते कार्ड काढतो. मागच्या वेळी कंपाउंड लागलं असेल तर या वेळी फिनिशिंगपुढे जात नाही, आणि ग्राहकाला तसं काम सुरू करायच्या आधीच सांगतो.