तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या डीपीतला तो हसरा माणूस

गेली दोन वर्षं माझ्या व्हॉट्सॲपच्या डीपीला एकच फोटो आहे. लालसर तपकिरी चेहरा, बदामी डोळे, खांद्यावर उतरलेल्या जाड वेण्या आणि ओठांवर असं हसू की याला काहीतरी ठाऊक आहे पण तो सांगणार नाही. सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचा एकच प्रश्न, "अहो हा कोण, बुद्ध का?" आमच्या मजल्यावरच्या एक काकू तर रोज सकाळी हात जोडलेला इमोजी पाठवायच्या, मला बरेच दिवस वाटत होतं की नमस्कार मलाच आहे. तर एकदाचं नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करेन.

बुद्ध नाही. अपोलो देव आहे, पण ग्रीकांचा संगमरवरी नव्हे, एट्रुस्कन लोकांचा. आणि तो मातीचा आहे, भाजलेल्या मातीचा, म्हणजे आपल्या कौलाचा सख्खा भाऊच, आणि हे मी उगाच अलंकारिक वगैरे बोलत नाहीये, कारण तो खरोखर छपरावर उभा होता.

एट्रुस्कन म्हणजे रोम मोठं व्हायच्या आधी मध्य इटलीत ज्यांचा दबदबा होता ते लोक, टस्कनी हे नाव त्यांच्यावरूनच पडलंय. त्यांचं वेई नावाचं शहर रोमपासून जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरवर, म्हणजे दादर ते भांडुप धरा. शहराच्या कडेला, आज ज्याला पोर्तोनाच्चो म्हणतात तिथे मेनर्वा देवीचं ठाणं होतं (रोमनांची मिनर्वा ती हीच), बाजूला पाण्याचं मोठं कुंड, आणि इ.स.पू. ५१० च्या आसपास बांधलेलं देऊळ. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, जूलिओ क्विरीनो जिल्योली या पुरातत्त्ववाल्याच्या खोदकामात अपोलो तुकड्यातुकड्यांत बाहेर आला. सध्या मुक्काम रोमच्या व्हिला जूलिया म्युझियममध्ये. आम्ही तिथे गेलो ते खरं तर बायकोचे पाय दुखत होते आणि कोलोसियमची रांग बघूनच आमचा जीव दमला होता म्हणून, उगाच अभ्यासू असल्याचा आव आणत नाही.

बुद्धाचं निरसन झालं की दुसरा प्रश्न ठरलेला, "मातीचा का पण? दगड नव्हता त्यांच्याकडे?" होता की. देवळाचा पाया टफ नावाच्या ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाचाच आहे. पण वरचा बराचसा कारभार लाकूड आणि कच्च्या विटांचा, आणि वर भलंमोठं पसरट छप्पर, बाहेर लांब आलेली वळचण.

माझं लहानपण राजापूरकडच्या कौलारू घरात गेलं. मे महिन्यात शाकारणी निघाली की आजोबा खाली उभे राहून एकच गोष्ट परत परत ओरडायचे, वाशाची तोंडं बघा रे! कारण लाकूड कुजायला लागतं ते टोकाकडून, पाणी तिथूनच आत शिरतं. एट्रुस्कन सुतारांचं दुखणं डिट्टो हेच, आणि त्यांनी इलाज काय केला तर उघड्या लाकडाला भाजक्या मातीच्या फरश्यांचं चिलखत घातलं. तुळईला फरशी, वाशाच्या टोकाला फरशी, सगळं खिळ्यांनी ठोकलेलं, म्युझियममध्ये काचेला नाक लावून बघितलंत तर खिळ्याची भोकं अजून दिसतात. सपाट कौलं शेजारीशेजारी, त्यांच्या सांध्यावर नळीचं कौल, आणि वळचणीला त्या नळीचं तोंड उघडं राहतं ना, ते बंद करायला झाकण. आता झाकणच करायचंय तर नुसतं कशाला, म्हणून त्यावर जीभ बाहेर काढलेली गॉर्गन राक्षसीण, नाहीतर दाढीवाला रानदेव सायलेनस, नाहीतर एखादी हसरी बाई. साच्यातून काढायची, रंगवायची, भाजायची, वळचणीला ओळीने बसवायची. मला हे जाम आवडलं. आधी गळती थांबवली, मग नक्षी केली.

अपोलो मात्र थेट आढ्यावर. जमिनीपासून सुमारे बारा मीटर वर, कोन्यांच्या, म्हणजे आढं झाकणाऱ्या कौलांच्या, ओळीवर खोगिरासारख्या बैठकी बसवून त्यांवर माणसाएवढे देव एकामागोमाग उभे केलेले. अपोलो तावातावाने पुढे चाललाय, समोर ग्रीक कथांमधला महाबली हेराक्लीस पाय रोवून उभा, त्याच्या पायाशी बांधलेली हरिणी, आणि ही हरिणी अपोलोच्या बहिणीची, आर्टेमिसची, म्हणजे मामला चोरीचा आहे. शेजारी देवांचा निरोप्या हर्मीस, त्याचं सुंदर डोकं वाचलंय. छपरावर भांडण लागलंय आणि भक्त खालून मान वर करून बघतायत! खालून बघायचं म्हणूनच सगळं ठसठशीत, चुण्या खोल, डोळे मोठे.

जवळ गेल्यावर एक गंमत दिसते. दोन पायांच्या मध्ये वेलबुट्टीचा एक खांब आहे, पहिल्यांदा वाटतं काय ही सजावट, पण तो टेकू आहे. आतून पोकळ असला तरी १.८ मीटरचा मातीचा माणूस चालत्या पवित्र्यात नुसत्या दोन पायांवर कसा राहील, भट्टीत जायच्या आधीच बसेल खाली. आणि भट्टी म्हणजे जुगारच, माती वाळताना आणि भाजताना आकसते, कुठे जाड कुठे पातळ राहिली की तडकलीच. पेणची शाडूची मूर्ती या संकटातून सुटते कारण ती भाजतच नाहीत, म्हणून तर पाण्यात विरघळते.

यावरून प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने दिलेली गोष्ट. रोमच्या राजाने, टार्क्विनने, रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या, म्हणजे रोमनांच्या मुख्य देवाच्या, देवळासाठी वेईच्या कुंभारांना चार घोड्यांचा मातीचा रथ करायला सांगितला. रथ भट्टीत गेला आणि आकसायचा सोडून फुगायलाच लागला, इतका की भट्टीचं छप्पर काढावं लागलं. ज्योतिषी म्हणाले हा रथ ज्यांच्याकडे त्यांची भरभराट, झालं, वेईवाले म्हणाले मग आम्ही देतच नाही. पुढे शर्यत जिंकलेल्या एका रथाचे घोडे उधळले ते थेट रोमपर्यंत, सारथ्याला कॅपिटोलपाशी आपटलं, तेव्हा घाबरून रथ दिला. दंतकथाच आहे, पण रचणाऱ्याला कुंभारकाम कळत होतं, कारण फुगणारी माती हा चमत्कार फक्त कुंभारालाच चमत्कार वाटेल.

त्याच ज्युपिटरची मूर्ती करायला वेईहून वुल्का नावाचा कारागीर बोलावला होता असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, तीही मातीची, लाल रंगवलेली. नावानिशी माहीत असलेला एट्रुस्कन मूर्तिकार म्हणजे हा वुल्का, त्यामुळे माझ्या डीपीतला अपोलो त्याच्या नावावर खपवायचा मोह सगळ्यांना होतो. सही वगैरे काही नाही हो. त्याच्या कारखान्यातला असेल, शेजारच्याचाही असेल.

इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने वेई घेतलं, तेव्हा त्यांचा सेनापती होता कामिलस. देवळाचं लाकूड कधीच गेलं. काशाचं काही असेल तर ते लोक वितळवतात, संगमरवर भट्टीत घालून चुना करतात, पण फुटलेल्या कौलाचं कोणी काय करणार?

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे हो, चेहरा प्रसन्न आहे." इमोजी अजून येतो.